पारोशा हातांनी शिवू नये

पूर्णा गावात कुमारशेठचं नाव जागोजाग झळकत होतं, पण दर वेळी 'गोडाऊन भाड्याने देणे आहे' या ओळीखाली. माणसाचं नाव दुसऱ्या कशाखाली तरी यावं, असं पन्नाशीत त्याला फार वाटायला लागलं आणि त्यानं फुलपाखरं जमवायचं ठरवलं. (त्याआधी गाणं शिकून झालं होतं. शेजाऱ्यांनी हात जोडले, म्हणून थांबलं.)

ठाण्याच्या एका निसर्गमंडळाच्या प्रदर्शनात पेटी मांडायला जागा मिळाली, तसा गडी टूरबरोबर मलेशियाला गेला. बाकीची मंडळी मॉल हिंडली. हा रीतसर परवाना काढून, जाळी घेऊन डोंगरात घाम गाळत होता. बंदी असलेल्या जातीचं एक दिसलं, तर त्याला नमस्कार करून वाट दिली. पकडलेली फुलपाखरं, जशी आणायची पद्धत असते तशी, पंख मिटून एकेका तिकोनी कागदी पुडीत ठेवली.

मुंबईला उतरल्यावर तो आपणहून कस्टमच्या साहेबासमोर जाऊन उभा राहिला.

"सोना है?"

"नाही साहेब, तितली. मरी हुई. ये सब दाखले."

साहेबानं कागद उलटसुलट केले, पुडी उघडून पाहिली, आणि "सब कायदे से है," असं जरा हिरमुसूनच म्हटलं.

घरी आल्या आल्या कुमारशेठ काचेची पेटी आणायला कल्याण नाक्याला निघाला. बायकोला, काशीला, एवढंच बजावलं, "डब्यातल्या पुड्यांना पारोशा हातांनी शिवू नको. फार मोलाच्या आहेत." (फुलपाखरांचं नाव त्यानं मुद्दाम काढलं नाही. 'लोकांच्या बायकांना परदेशातून सोनं येतं,' हा काशीचा टोमणा त्याला पेटी भरल्यावरच ऐकायचा होता.)

पेटी घेऊन परतला, तर डबा देवापुढं. रिकामा.

"काशी! पुड्या?"

"वाटल्या. आंघोल करून, धुतल्या हातांनी. तुमीच सांगलं ना!"

"वाटल्या म्हणजे?"

"अवो, अंगारा! तिकडच्या देवलात हात जोडल्याला तुमचा फोटू मोबाईलवर आला व्हता, मंग पुड्या अंगाऱ्याच्याच ना! आख्ख्या आलीत फिरली मी. एक घर सुटलं असतं तर बारसं-लग्नात बोल ऐकायला लागला असता."

कुमारशेठ तसाच अनवाणी पळाला. शेजारच्या राहीबाईनं निळंशार फुलपाखरू देव्हाऱ्यात बसवून हळदकुंकू वाहिलं होतं.

"काकी, ते मेलेलं फुलपाखरू आहे. परत द्या."

"दिल्याला परसाद परत मांगतस? देव बघतो हाय, बाबा."

यंत्रमागावर काम करणाऱ्या नवशानं आपली पुडी लूमला बांधली होती. "दादा, बांधल्यापासून दोरा तुटला न्हाय. आता मालकबी आला तरी सोडनार न्हाय." समोरच्या महादूच्या आईला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिनं पुडी पाण्यात झटकून एका घोटात संपवली होती. "जरा कडू व्हता," म्हातारी म्हणाली, "पन गुडघा मोकला झाला."

कुमारशेठ तिच्याच ओट्यावर बसला. दोन देशांच्या सरकारांनी सोडलेला माल आळीनं अडवला होता. त्याला हुंदका फुटला, पण म्हातारीला वाटलं, भक्तीनं फुटला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी त्याचा चेहरा आणि काचेची रिकामी पेटी पाहून काशीला सगळा उलगडा झाला. ती चरकली. मग हळूच देव्हाऱ्यातून एक पुडी काढून म्हणाली, "आपल्या घरची ठेवली व्हती. पन कुंकू लागलंय."

रविवारी मंडळाच्या तज्ज्ञानं तो लाल ठिपका भिंगातून बराच वेळ न्याहाळला. "ही जात कुठली?"

"ठिपका आमच्या हिचा," कुमारशेठनं प्रामाणिकपणे सांगितलं. पेटी अदबीनं परत मिळाली.

पडल्या चेहऱ्यानं तो गावाच्या वेशीशी पोचला आणि गाडीला करकचून ब्रेक लावला. समोर हा एवढा फ्लेक्स! हात जोडलेला त्याचा फोटो आणि वर ठळक अक्षरांत, 'परदेशातून पंखांचा प्रसाद आणल्याबद्दल कुमारशेठ यांचे हार्दिक अभिनंदन! समस्त आळी.'

आलं! नाव शेवटी दुसऱ्या कशाखाली तरी आलं! कुमारशेठला अगदी भरून आलं. तो गाडीतून उतरला, सदरा सारखा केला आणि फ्लेक्सखाली उभा राहून सेल्फीसाठी फोन वर धरला. तेव्हा त्याला खालची बारीक ओळ दिसली. फ्लेक्सवाल्याकडे त्याचा नंबर आधीपासून होताच. त्यानं सवयीनं नंबरासोबतचा नेहमीचा मजकूरही छापला होता.

'गोडाऊन भाड्याने देणे आहे.'