दाजीसाहेबांनी घोडी घाटापार पोचविली त्याची हकीकत

सेवेशी सादर. ताईसाहेबांनी परवाचे रोजी भांडी विसळता विसळता आज्ञा केली जे, लवंगी घोडी घाटापार कैसी गेली ते जाहले तैसे लिहून ठेवणे, नाहीतर तुझे दाजी सांगतील तेच खरे होऊन बसेल. आज्ञा शिरसा वंद्य मानून आम्ही, ताईसाहेबांचे धाकटे बंधू, पेशा शाळेत भूगोल शिकविणे, मुक्काम सांप्रत बहिणीचेच घरी, हे लिहावयास बसलो. जे डोळां देखिले ते आणि जे मागाहून कळले तेही तिखटमीठ न लावता लिहितो. मीठ चिमूटभर पडले असल्यास वाचणाराने सांभाळून घ्यावे.

प्रथम प्रकरण घोडीचे. लवंगी, वय वर्षे एकोणीस, रंग तांबूस, मिजास पातशाही. तीन वर्षांची असता दाजीसाहेबांनी तीस घरी आणिली, आणि पुढे भाचीसाहेब जन्मल्या त्या तिच्याच पाठीवर वाढल्या. उजवा डोळा दोन वर्षांमागे गेला तो गेलाच. आता डावाही बिघडला, पाणी गळू लागले, पापणी उघडेना. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी येऊन, बत्ती मारून, साफ सांगितले जे, शुक्रवारी दुपारी तीनच्या आत घाटापारच्या जनावरांच्या इस्पितळी आणाल तर डोळा राहील, न आणाल तर घोडी कायमची आंधळी. ते दिवशी बुधवार होता. घोडी नेणारी भाड्याची गाडी पंधरा दिवस मोकळी नाही ऐसे कळले, आणि भाचीसाहेब, वय चौदा, ताटावरून तैशाच उठल्या.

आता नायकाचे वर्णन. दाजीसाहेब लोखंडी फाटके आणि जाळ्या जोडण्याचा कारखाना चालवितात. या हुन्नरात त्यांचा हात धरील ऐसा कोणी नाही, आणि तोंड धरील ऐसाही नाही. त्यांची पिकअप गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तीस पुढे जंगी लोखंडी कमान आणि मागे पिंजरा त्यांनी जातीने, खास मर्जीने, वेल्डिंग मारून कायमचा जडविला होता, का तर गाडी मर्दानी दिसावी. ताईसाहेब बारा वर्षे शाळेची बस चालवितात, चाळीस पोरे आणि त्यांची चाळीस दप्तरे रोज बिनओरखडा पोचवितात, तथापि पिकअपची किल्ली त्यांस कधी मिळाली नाही. पिकअपचे तंत्र निराळे, ऐसा दाजीसाहेबांचा निवाडा होता.

मग दाजीसाहेबांनी घोडेस्वारी शिकविणाऱ्या शाळेकडून जुना ट्रेलर मागून आणिला आणि ओसरीवर दरबार भरवून हिशेब जाहीर केला. ट्रेलर बाराशे चाळीस किलो, घोडी पाचशे वीस, एकूण सतराशे साठ. आणि आपली पिकअप पंचवीसशे ओढते, हे खुद्द विकणाऱ्याने चहा पाजून सांगितले आहे. सबब चिंतेचे कारण नाही, उलट सातशे चाळीस किलोंची जागा फुकट जाते. जागा फुकट जाणे दाजीसाहेबांस खपत नाही. तेव्हा हत्यारांची लोखंडी पेटी चढली, आणि वाटेत मुक्काम पडलाच तर म्हणून टपावर तंबू चढला, आणि इस्पितळाचे पाणी घोडीस मानवेल न मानवेल म्हणून पाण्याचे पिंप चढले, आणि जड चढविताना हात द्यावा म्हणून आम्हीही चढलो.

ताईसाहेबांनी हे सर्व पाहिले आणि एकच पुसले, "ओढेल हो. थांबेल का?"

हा प्रश्न दरबारास आवडला नाही. परंतु ताईसाहेबांनी गाडीचे माहितीपुस्तक काढून चष्मा लावून वाचिले, तो त्यात लिहिले होते जे, खरा आकडा चालकाच्या दाराचे चौकटीवरील पट्टीत पाहावा. चौकटीपाशी जाऊन पाहतात तो पट्टीच नाही. तेथे दाजीसाहेबांनी हौसेने चिकटविलेले डरकाळी फोडणाऱ्या वाघाचे चित्र. ताईसाहेबांनी कोमट पाणी आणि उलथने घेऊन तो वाघ सोलून काढिला. खाली पट्टी निघाली. तीवर गाडी, ट्रेलर, माल आणि माणसे मिळून चार हजार पन्नास किलो, त्याउपर एक किलोही नाही, ऐसी मर्यादा कोरलेली होती. दाजीसाहेबांनी फर्माविले जे, कंपनीवाले भित्रे असतात, मुद्दाम कमी लिहितात. ताईसाहेबांनी फर्माविले जे, वाटेत काट्यावर गाडी तोलल्याविना घाट चढणे नाही आणि उतरणे तर नाहीच नाही. दुसरे फर्मान कायम जाहले.

शुक्रवारी सकाळी कूच जाहले. लवंगी मुकाट ट्रेलरात चढली, कारण भाचीसाहेब तिच्या मानेवर हात ठेवून कानाशी बोलत होत्या. त्यांचा आवाज नसता घोडी आत पाय ठेवीत नाही की आत थारत नाही. घाटाच्या पायथ्याशी भंगाराचे आवार आहे, तेथे ट्रक तोलण्याचा मोठा काटा. काटा सांभाळणाऱ्या बाई काचेच्या खोलीत मटार सोलीत होत्या. गाडी ट्रेलरासकट फळीवर उभी राहिली, आणि बाईंनी मटारावरून नजर न काढिता आकडा वाचिला: चार हजार तीनशे नव्वद. मर्यादेहून तीनशे चाळीस अधिक.

दाजीसाहेबांचे तोंड उतरले, परंतु जिव्हा शाबूत होती. त्यांनी खिडकीपाशी जाऊन मोठी मसलत मांडिली जे, हा काटा भंगारासाठी केलेला, त्यास खानदानी जनावराची काय कदर. बाई शांतपणे म्हणाल्या, "काटा वजन सांगतो, दादा. कुणाचं ते तुमचं तुम्ही बघा."

मग वजन उतरविण्यास सुरुवात जाहली. हत्यारांची पेटी गेली, सत्तर किलो. तंबू गेला, पन्नास. पिंप गेले, सत्तर. लोखंडी कमान आणि पिंजरा मिळून दीडशेच्या घरात, ते गेले असते तर सारेच भागले असते. परंतु ते दस्तुरखुद्द मालकांनी जन्माचे जोडिलेले, कापावयास एक दिवस आणि मालकांचे काळीज लागावे. तेव्हा सर्वांची नजर आमचेवर आली. आम्ही त्र्याऐंशी किलो, त्यातही सकाळी भरपेट न्याहारी करून निघालो होतो. बहिणीच्या घरचे खाल्ले ते येथे फेडावे लागले, आणि आम्ही पेटीवर जाऊन बसलो. सदुसष्ट किलो तरीही अधिक राहिले, आणि घड्याळात साडेदहा वाजले.

आता गाडीत तिघेच. दाजीसाहेबांनी कपाळाचा घाम पुसून आज्ञा केली जे, ताईसाहेबांनी उतरावे. ताईसाहेब निमूट उतरल्या. त्यांचे वजन बावन्न, काट्यावर पंधरा किलो उरले. मग दाजीसाहेबांनी गाडीची जी झडती घेतली तैसी जकातीच्या नाक्यावरही कोणी घेत नसेल. दोन छत्र्या, दोरखंड, पायपुसणी, आसनाखालची सुटी नटबोल्टांची पिशवी, अखेर पायातील बूट, ऐसे अकरा किलो बाहेर पडले. चार उरले ते उरलेच. स्टेपनी काढावी म्हणाले, तर ताईसाहेबांनी घाटात चाक फुटल्यास काय करावे ते पुसले. आत ट्रेलरात लवंगीने खूर आपटिला, आणि दाजीसाहेब अनवाणी, हातात एक छत्री घेऊन, गाडीभोवती तिसरी फेरी घालू लागले. तेव्हा ट्रेलराच्या खिडकीतून भाचीसाहेबांनी मान बाहेर काढिली.

"बाबा, तुम्ही उतरा ना. आईला येतं चालवायला."

दाजीसाहेबांचे वजन एकशे बारा, हे घरात सर्वांस ठाऊक आणि बोलण्याची कोणास छाती नाही. हिशेब तर शाळेतले पोरही करील: ते उतरले आणि ताईसाहेब चढल्या तर मर्यादेच्या आत छप्पन्न किलो शिल्लक. हा आकडा त्यांस केव्हाचा कळला होता, आणि कळला म्हणूनच ते नटबोल्ट मोजीत होते. आम्हांस त्या घडीस हसू यावयाचे, ते आले नाही. सोळा वर्षांत त्या घोडीस दवाखान्यात, नालबंदाकडे, जेथे म्हणून न्यावयाची तेथे तेच घेऊन गेले होते, आणि आज ती आंधळी होऊ पाहात असता तेच तिला जड झाले होते.

मग त्यांनी गळ्यातली किल्ली काढिली. ताईसाहेबांच्या हाती देताना तीन सूचना सांगितल्या, चवथी सांगावयास तोंड उघडिले आणि मिटले. ट्रेलरामागे जाऊन लवंगीच्या पुठ्ठ्यावर थाप मारिली. काटेवाल्या बाईंनी नवा आकडा काचेवर बोटाने ठोकून दाखविला, तीन हजार नऊशे चौऱ्याण्णव. गाडी निघाली.

पुढील वर्तमान भाचीसाहेबांचे जबानीवरून. ताईसाहेबांनी घाट दुसऱ्या गियरात चढविला आणि दुसऱ्यातच उतरविला, आणि मागून भोंगे वाजविणारांस एकदाही भीक घातली नाही, आणि वळणावर ब्रेक न दाबिता वळणाआधी दाबिला, तेणेकरून घोडीने आत एकदाही पाय बदलला नाही. इकडे भंगाराच्या आवारात दाजीसाहेब पिंपावर बसून फोनावरून फर्मानावर फर्मान सोडीत होते. ताईसाहेब गाडी चालविताना फोन उचलीत नाहीत, सबब एकही फर्मान पोचले नाही. बाईंनी आम्हां दोघांस मटार सोलावयास दिले. एक वाजून चाळीस मिनिटांनी भाचीसाहेबांचा निरोप आला जे, पोचलो, डॉक्टर आत घेऊन गेले. दाजीसाहेबांनी तो निरोप चार वेळा वाचिला आणि आमचेकडे पाठ करून डोळे पुसले, व मटाराचा वास झोंबतो ऐसे सांगितले.

शस्त्रक्रिया पार पडली. आठवे दिवशी पट्टी सोडली तेव्हा दाजीसाहेब डाव्या अंगास, दहा पावलांवर, गाजर घेऊन, चकार शब्द न काढिता उभे होते. लवंगी थोडा वेळ तैसीच उभी राहिली, मग मान वळवून सरळ चालत आली आणि गाजर घेतले. डॉक्टरांनी कागदावर लिहिले, दृष्टी कायम.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दाजीसाहेब मोहिमेचा वृत्तांत पाहुण्यांस सांगतात तो मोठा रसाळ आहे, त्यात घाटातले वळण वळण येते. आम्ही मध्ये बोलत नाही. परंतु ताईसाहेबांची आज्ञा सत्य लिहिण्याची, म्हणून एवढे नमूद करितो. परतीचे दिवशी इस्पितळाच्या दारात काटा नव्हता आणि कोणी कोणास उतरावयास सांगितले नाही. घोडी ट्रेलरात चढली, भाचीसाहेब चढल्या, आणि सर्व दाजीसाहेबांस शोधू लागले, तो ते समोरच्या रस्त्यावर बसच्या रांगेत उभे होते, आणि तेथूनच हात करून निघा म्हणत होते.