श्रावणकाका व्हिएन्ना तपासतात

व्हिएन्नाच्या मध्यभागी असलेल्या प्राचीन कॅथेड्रलच्या मनोऱ्याकडे श्रावणकाका बराच वेळ मान मागे टाकून पाहत राहिले. जगभरचे प्रवासी त्या मनोऱ्यापुढे भक्तीने नाही, तरी कॅमेऱ्याने नतमस्तक होत असतात. काकांनी टोपी सावरली आणि मला विचारले, "इतकी उंच चिमणी अन् चिमूटभर धूर नाही. मंग बांधली कशाले, वं?"

"काका, हे देऊळ आहे."

"देवाले एवढी हवा खेचाले लागते?"

आणि खात्री करून घेण्यासाठी ते त्या मनोऱ्याचा अख्खा चक्राकार जिना चढून गेले. मी, वय सत्तावीस, रसायनशास्त्राची संशोधक, अर्ध्यात धापा टाकत बसले. खाली येऊन त्यांनी अहवाल दिला, "धूर जाण्याची सोयच नाही. नुसता देखावा."

श्रावण ठवकर हे कोराडीच्या वीज केंद्रातून बॉयलर विभागाचे अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. माझे वडील त्यांच्या हाताखाली काम करत आणि कॉलनीत आमची क्वार्टर्स समोरासमोर होती. वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्यावर राखेचा पातळ थर बसण्याचा तो काळ. त्या राखेतूनच काकांचे तत्त्वज्ञान निघाले होते: "जगात माणसाच्या दोनच जाती. एक राख करणारे, दुसरे राख उचलणारे." कुठल्याही वास्तूत शिरले की त्यांचा पहिला प्रश्न असे, "राख कुठं जाते?" लग्नाच्या मांडवात ते नवरानवरीआधी आचाऱ्याची चूल पाहत. काकू नागपुरात धंतोलीच्या एका दवाखान्यात अखेरच्या आजारात असताना त्यांनी डॉक्टरांना औषधांविषयी फारसे काही विचारले नाही. मागच्या अंगणातल्या पाणी तापवण्याच्या भट्टीविषयी मात्र ते रोज नव्या सूचना करत. त्यांचा एकुलता एक मुलगा मधुकर तेव्हा व्हिएन्नात अभियंता होता. तो आला नाही. तार आली.

त्यानंतर दोन हिवाळे गेले आणि काका "युरोप पाहाले" निघाले. त्यांना युरोपचा काडीचाही सोस नव्हता, हे कोराडीत सर्वांना ठाऊक होते. त्यांना मधुकरच्या घरी बसून एकदा जेवायचे होते. ठवकरांच्या कुही गावच्या घरी नव्या तांदळाचा भात सगळे घर एका पंगतीला बसल्याशिवाय कोणी खात नाही. काकांनी शेतातला नवा तांदूळ कापडी पिशवीत भरून आणला होता, आणि ती पंगत होईपर्यंत त्यांचा भात बंद होता.

मी त्या शहरात शिष्यवृत्तीवर होते. मधुकरने माझ्या प्रयोगशाळेत फोन केला. "मला सुट्टी नाही. तू बाबांना जरा शहर दाखव ना. आमचं घर लहान आहे, म्हणून त्यांची सोय लॉजमध्ये केली आहे." त्या लहान घरात नववर्षाच्या मेजवानीला मी जेवले होते. आम्ही वीसेक माणसे होतो आणि कोणालाही उभे राहावे लागले नव्हते. पण मला स्वतःलाही भारतात परत जायचे नव्हते, त्यामुळे मधुकरवर रागावण्याचा माझा अधिकार मर्यादित होता. मी होकार दिला.

सम्राटांच्या उन्हाळी राजवाड्यात काकांनी सोन्याचे नक्षीकाम, झुंबरे आणि तैलचित्रे एका नजरेत निकालात काढली आणि कोपऱ्यातल्या, खोली उबदार ठेवणाऱ्या पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या शेगडीपाशी ते थबकले. पुरुषभर उंचीची ती शेगडी, पण तिला पुढून दारच नव्हते.

"लाकडं कुठून घालतेत? विचार त्याले."

वाटाड्याने सांगितले की भिंतीमागे अरुंद बोळ आहेत. नोकर तिकडून जाळ घालत, म्हणजे राजघराण्याला धूर, राख आणि नोकर यांपैकी काहीच दिसत नसे. मी भाषांतर केले. काकांचा चेहरा असा उजळला, की जणू शाही घराण्याशी सोयरीक निघाली.

"आमच्यावाणीच! वरचे साहेब काचेच्या खोलीत, अन् आमचे लोक खाली राखेत." आणि मी अडवण्याआधीच ते मखमली दोरखंडाखालून वाकून शेगडीच्या मागे डोकावले. पहारेकरी धावला. काका ताठ उभे राहून म्हणाले, "सुपरिंटेंडंट, बॉयलर." पहारेकऱ्याने का कोण जाणे, सलाम केला.

चित्रसंग्रहालयात त्यांनी हडकुळ्या संतांच्या रांगेपुढे चौकशी केली, "यायले जेवाले देत नव्हते काय कोणी?" स्वतः जेवताना मात्र ते अधिक कठोर परीक्षक होते. कोंबडीचे श्निट्झेल, म्हणजे मांस कुटून, सपाट करून, पावाच्या चुऱ्यात तळलेला तो प्रसिद्ध पदार्थ, त्यांनी काट्याने उचलून उजेडात धरला. "या कोंबडीले इस्तरी कोणं केली?" मग खिशातून तिखटाची पुडी निघाली आणि ती कोंबडी पाहता पाहता नागपुरी झाली. सफरचंदाच्या गोड गुंडाळीचे पापुद्रे मात्र त्यांनी बोटांनी चाचपले, आणि माझ्या अपेक्षेविरुद्ध ते थोडे हळवे झाले. "तुही काकू मडक्यावर लांब रोटी करे ना, तीबी अशीच पातळ. आरपार दिसे." शेजारच्या भाताच्या वाटीला त्यांनी हातही लावला नाही.

रोज संध्याकाळी लॉजवर पोहोचवताना ते विचारत, "मध्याचा फोन?"

"रविवारी बघू, म्हणाला."

"काम करून राहिला असन. लेकाले काम लय."

रविवारी मधुकरने आम्हांला बोलावले, ते एका उंची उपाहारगृहात. सोबत त्याची पत्नी हेल्गा होती. ती उठून उभी राहिली आणि काकांच्या पाया पडण्याचा तिने मनापासून, थोडा चुकीचा प्रयत्न केला. बसल्यावर तिने नवऱ्याला जर्मनमध्ये विचारले, "आपण घरी का नाही बसलो? मी सकाळपासून घर आवरत होते."

"बाबांना जिने चढवत नाहीत," मधुकर त्याच भाषेत म्हणाला. "गुडघे गेले आहेत. त्यांनीच नको म्हटलं."

हेल्गाने काकांच्या गुडघ्यांकडे अपार सहानुभूतीने पाहिले. मी सूपकडे पाहिले. दोन्ही भाषा समजणारे टेबलावर आम्ही दोघेच होतो, आणि मधुकरने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

काकांनी कापडी पिशवी टेबलावर ठेवली. "नवा तांदूळ आहे, मधू. कुहीचा."

"बाबा, आमच्याकडे भात होत नाही." मधुकरचे मराठी आता पुस्तकी शुद्ध झाले होते, त्यात 'मले' नव्हते, 'तुले' नव्हते. "हिला द्या. ही एकटी राहते, शिजवेल."

काकांनी एक क्षण पिशवीवर हात ठेवला. मग ती माझ्याकडे सरकवली आणि टिपेच्या आवाजात शाही शेगडीचे वर्णन सुरू केले. जेवण संपेपर्यंत ते थांबले नाहीत. परतताना मात्र त्यांनी विचारले, "सूनबाई माह्या गुडघ्याकडं काहून पाहे, वं?"

"दुखतात का, विचारत होती."

"मायाळू आहे पोरगी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. मधुकरची बैठक होती. सामान तपासून झाल्यावर काका बाकावर बसले आणि एखाद्या यंत्राची पाहणी करावी तशा कोरड्या आवाजात त्यांनी विचारले, "तू गेली असशील ना त्याच्या घरी?"

मी हो म्हटले.

"सांग मंग. कोराडीत लोक विचारतीन. खोल्या किती? सैपाकघर कसं आहे?"

मी नीट, क्रमवार सांगितले: तीन खोल्या, तिसरा मजला, उंच खिडक्या, निळे पडदे, स्वयंपाकघरात ऊन येते, बाल्कनीतून एक चौक दिसतो. ते प्रत्येक गोष्टीवर मान हलवत होते, मधूनच डोळे मिटून ती पाठ करत होते.

"अन् त्याच्या मायचा फोटो? कुठं लावला?"

त्या घराच्या भिंती मला चांगल्या आठवत होत्या. एका भिंतीवर घड्याळ होते, दुसरीवर बर्फाच्छादित डोंगराचे मोठे छायाचित्र.

"बैठकीत," मी म्हणाले. "दारातून आत गेलं की समोरच."

या खेपेला काकांनी मान हलवली नाही. त्यांच्या विमानाची घोषणा झाली. ते उठले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुले खोटं बोलता येत नाही, बाई," ते म्हणाले. "पण मी तिथं असंच सांगीन."