रिकामं पाठवू नये

नॉटिंगहॅममधल्या त्या स्वयंपाकघरात नोव्हेंबरचा उजेड नेहमी उशिरा आणि काहीसा ओशाळलेला येई. आधी तो शेजाऱ्यांच्या विटांच्या भिंतीवर बराच वेळ रेंगाळे. मग काचेवर साचलेल्या वाफेतून झिरपत सिंकजवळच्या पालथ्या कपांवर उतरे, टेबलाच्या कडेने सरके आणि अखेरीस वडिलांच्या खुर्चीच्या पाठीवर येऊन थांबे. शनिवारच्या त्या सकाळी राजीव त्याच्याकडे पाहत बसला होता. आई, सुमेधाबाई, आइस्क्रीमचा एक जुना डबा घासत होत्या.

"तुझ्या स्पॅनिशच्या बाई आपल्याला उपाशी समजतात की काय रे? दर आठवड्याला काहीतरी! आणि हल्ली सगळं बिनसाखरेचं."

राजीव उजेडाकडेच पाहत राहिला. अलीकडे गप्प राहणे हाच त्याचा उद्योग होऊन बसला होता.

निवृत्तीनंतर स्पेनला जायचे म्हणून त्याच्या वडिलांनी, डॉक्टर माधवरावांनी, संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गात स्वतःबरोबर त्याचेही नाव घातले होते. सप्टेंबरात वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा राजीव एकटाच गेला. सिन्योरा पिलार यांनी विचारले, "डॉक्टर कुठे आहेत?" त्यांनीच शिकवलेली भूतकाळाची दोन रूपे त्याच्यासमोर उभी राहिली: एक, ज्यावर काळाने दार लावून घेतले आहे त्याचे; दुसरे, ज्याचा दिवस अजून मावळलेला नाही त्याचे. एरवी हमखास चुकणाऱ्या राजीवने त्या संध्याकाळी दुसरे रूप बिनचूक निवडले. "आ सालीदो." बाहेर गेले आहेत.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर नाइट ड्यूटीवर गेले. त्यानंतर त्यांना थोडे बरे वाटेनासे झाले. लगेच सिन्योरांनी बटाट्याचे जाड ऑम्लेट डब्यात घालून दिले. "डॉक्टरांसाठी." घरी राजीव एवढेच म्हणाला, "बाईंनी दिलंय."

कुणाचा डबा रिकामा परत पाठवू नये, ही सुमेधाबाईंची पुण्याहून आणलेली शिस्त. पण यंदा घरात दिवाळी नव्हती. गोडधोड नाही, तळण नाही. तेव्हा धुतलेल्या डब्यात त्या चमचाभर साखर घालून देत.

सिन्योरा विचारात पडल्या. आजारी माणूस घरातली साखर चमच्या-चमच्याने बाहेर काढतो आहे! याचा अर्थ एकच: मधुमेह. वर्ग हळहळला. कुणी बिनसाखरेची बिस्किटे दिली, कुणी डॉक्टरांच्या पावलांची चौकशी केली. राजीव संकोचाने "बरे आहेत" म्हणत गेला आणि महिन्याभरात डॉक्टरांची साखर पुष्कळच आटोक्यात आली.

दारावरची बेल वाजली. बाहेर सिन्योरा पिलार मोठे पातेले पोटाशी धरून उभ्या होत्या.

"डॉक्टर झोपलेत वाटतं? मी आवाज नाही करत," त्या इंग्रजीत कुजबुजल्या आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन माधवरावांच्या खुर्चीत बसल्या.

तो प्रश्न सुमेधाबाईंच्या कानावर पडलाच नाही. पाहुणीच्या धांदलीत त्यांनी सूप दुसऱ्या भांड्यात ओतले, पातेले विसळले आणि सवयीने साखरेचा डबा उघडला.

"नको, नको!" सिन्योरा ताडकन उठल्या. "आधी ती साखर घराबाहेर काढा!"

"अहो, तेच तर करतेय! रिकामं भांडं कसं देऊ तुम्हाला?"

"मग दुसरं काहीही घाला."

"काय घालू? यंदा आमच्याकडे काही केलंच नाही."

"का बरं?"

सुमेधाबाईंचा चमचा वरच्या वर थांबला. त्यांनी पाहुणीकडे पाहिले, मग मुलाकडे.

"राजीव, तू यांना सांगितलं नाहीयेस?"

उजेड आता खुर्चीच्या पाठीवर आला होता. राजीवने सवयीने "आ..." असे म्हटले आणि तो थांबला. खुर्ची रिकामी होती. मग त्याने आजवर टाळलेले ते पहिले, दार लावून घेतलेले रूप उचलले.

"मि पाद्रे मुरियो एन मार्सो."

सिन्योरांनी त्याची चूक काढली नाही. त्या नुसत्याच त्याच्या दंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. सुमेधाबाईंनी चमचा पातेल्यात रिता केला.

"काय म्हणालास रे?"

"बाबा मार्चमध्ये वारले, असं म्हणालो."