मगदूम अण्णांचं दुखणं

मगदूम अण्णांना "काय अण्णा, बरं हाय न्हवं?" असं विचारायची सोय नाही. लगेच छातीला हात लावून "कळ मारतीया" म्हणतात. दुसऱ्या दिवशी दमा, तिसऱ्या दिवशी कावीळ. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत नवा आलेला भाडेकरू त्यांना बघून रिक्षा आणायला धावला होता. जुनी माणसं मानसुद्धा वळवत नाहीत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात मीच घातलं. गावोगावी जाणाऱ्या आरोग्यसेविकांना मी कळंब्याजवळच्या एका केंद्रात शिकवते. पेशंटशी बोलायचं कसं, हे शिकवायला खोटा पेशंट लागतो. बायको वारल्यापासून अण्णा घरात टिकत नव्हते, दिवसभर पेठेत येरझाऱ्या. म्हटलं, येता का आमच्याकडे आजारी पडायला? आले. पण माणूस उमेदीत पेठेच्या टीमचा गोलकीपर! चक्कर यायची म्हटली की बॉल अडवावा तसे आडवे झेपावायचे. कॉटवर निजले तरी एक पाय हलतच असायचा. हार्टचा पेशंट एवढा हलत नाही, असं म्हटलं तर म्हणायचे, "मी हलणारा हाय."

तेवढं मी चालवून घेतलं असतं. पण शिकणाऱ्या मुलीनं उभ्या उभ्या "काय होतंय?" विचारलं, की गल्लीत रोज नवं दुखणं सांगणारे हे छताकडे बघत "बरं हाय की" एवढंच म्हणायचे. पुढं काही केल्या दुखणं सांगायचे नाहीत. मुली रडकुंडीला यायच्या. कॉटशेजारी स्टूल होतं, पण त्यावर मुलींच्या पिशव्या असायच्या.

शेवटी मुख्य मॅडमनी मला बजावलं, मुलींच्या आजच्या परीक्षेत हा माणूस असाच वागला तर उद्यापासून दुसरा पेशंट बघा. मी अण्णांना घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. पुन्हा घरी बसायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आणि परीक्षेत? पुन्हा "बरं हाय की." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग कागलकडची एक मुलगी आत आली. तिनं पिशव्या खाली ठेवल्या, स्टूल जवळ ओढलं आणि बसून विचारलं, "बाबा, कवापासनं तरास हुतोय?"

सकाळपासून छातीत दुखतंय, असं अण्णांनी सांगायचं होतं. ते म्हणाले, "कवापासनं ते ठावं न्हाई बाई. मी आपला दारातनंच इचारायचो, बरं हाय न्हवं? बायकू आतनं म्हणायची, बरं हाय की. आन मी जायचो."

मुलगी गोंधळली, पण उठली नाही. मला वेळ संपल्याची घंटा वाजवायची होती, ती मी बाजूला ठेवली. इतकी वर्षं शेजारी राहून मला यातलं काही माहीत नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. बाहेर आल्यावर मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "उद्याही त्यांनाच बोलवा. आणि पिशव्यांना बाहेर एक टेबल टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पायरीवर बसले होते. मी रोजच्यासारखं गाडीवरूनच ओरडणार होते, पण गाडी स्टँडला लावली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"अण्णा, काय होतंय?"

मी दमा नाहीतर कावीळ ऐकायच्या तयारीत होते. अण्णांचा पाय हलत नव्हता.

"घरात करमत न्हाई बघ," ते म्हणाले.