पन्नास चमचे मैदा

कंपाउंडरांच्या लेखी चमचा म्हणजे पाच. त्यात चर्चेला जागा नव्हती. अडतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीतून त्यांनी खोकल्यापासून जंतांपर्यंत सगळ्यांची पातळ औषधं याच पाच मिलीच्या मापानं दिली होती, आणि माप चुकलं म्हणून कुणी परत आलं नव्हतं. जे अजिबातच परत आले नाहीत, त्यांचा दोष ते डॉक्टरांना देत.

म्हणूनच लेकीला त्यांनी फोनवर छातीठोकपणे सांगितलं, की वाढदिवसाचा केक विकत आणायचा नाही. आई करायची तोच मी करणार. आई गेल्यानंतरचा हा लेकीचा पहिला वाढदिवस.  ती ‘बरं’ म्हणाली, ते अशा आवाजात, की आता केक जमणं भागच होतं.

बायकोच्या वहीत सगळं ग्रॅममध्ये होतं. मैदा अडीचशे, लोणी दोनशे, साखर दोनशे. घरात वजनकाटा मात्र नव्हता. ती गेल्यावर तिच्या वस्तू बघवेनात म्हणून त्यांनी निम्मं स्वयंपाकघर वाटून टाकलं होतं, त्यात काटाही गेला. पण चमचा होता! प्रत्येक आकड्याला त्यांनी पाचानं भागलं आणि तिच्या अक्षराला धक्का न लावता शेजारी बारीक अक्षरात चमचे लिहिले. मैदा पन्नास.

चोविसाव्या चमच्याला बेल वाजली. शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनी, आपली कात्री बोथट झाली म्हणून यांची मागायला आल्या होत्या. त्या जाईनात, आणि कंपाउंडर आकडा विसरले. मैदा परत डब्यात ओतून त्यांनी पहिल्यापासून मोजला. वहिनी टक लावून बघत होत्या.

“भाऊजी, एवढ्या लोण्याला एवढंसंच पीठ? उशीत कापूस भरला काय अन् वाळू भरली काय, वजन सारखं होतं का?”

“वहिनी, हा डोस आहे. डोळ्यांनी मोजायचा नसतो.”

अर्ध्या तासानं केक फुगला. कंपाउंडरांची छातीही फुगली. मग केक मधोमध खचला, जणू कुणी त्यावर बसून उठलं होतं. कडेनं लोणी उकळू लागलं. त्यांनी आणखी अर्धा तास ठेवून पाहिला. वरून कोळसा झाला, आत चिखल तसाच.

लेक आली तेव्हा ते भांडं टेबलाखाली सरकवत होते. तिनं ते ओढून काढलं, बोटानं चाखलं आणि काय काय किती घातलं ते विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, भागाकारासकट. तिनं पिशवी उघडली. आत मैदा, लोणी, साखर, अंडी आणि कोरा करकरीत वजनकाटा.

“तुम्ही फोन ठेवलात अन् मी आधी दुकानात गेले, बाबा.”

हे त्यांना लागलं. तिनं काट्यावर वाडगा ठेवून मैद्याचे पन्नास चमचे टाकायला सांगितले. त्यांनी तोऱ्यात टाकले. आकडा दीडशेवर थांबला.

लेक आधी काट्याकडे बघत राहिली, मग त्यांच्याकडे, आणि ओट्याला धरून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आठ महिन्यांत त्या स्वयंपाकघरात कुणी हसलं नव्हतं. आपण रागवावं, हे कंपाउंडरांना कळत होतं, पण जमेना. ते गुपचूप चमचे टाकत राहिले. त्र्याऐंशीव्या चमच्याला अडीचशे भरले.

त्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

“पावती ठेवली आहेस ना?” ते म्हणाले. “उद्या परत देऊन ये. बिघडलेला काटा दिलाय तुला.”