जपून वापरा

बाळांनो, एक घर डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या, वर गच्ची आणि खिडकीशी खाटेवर बसलेले आजोबा. आजोबांना दमा. धाप लागली की औषधाची वाफ देणारं यंत्र तोंडाला लावायचं. यंत्राला वीज लागते आणि वीज तर मनाला येईल तेव्हा जायची. म्हणून बाबांनी गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं.

बाबा एका कार्यालयात हेडक्लार्क होते. तिथली आग विझवायची नळकांडी कपाटात कुलूपबंद असत आणि किल्ली बाबांच्या खिशात. नळकांडी चोरीला गेली तर ऐन आगीच्या वेळी काय करायचं, असा त्यामागे दूरवरचा विचार होता. असा माणूस घरात वस्तू आणतो तेव्हा काय होतं, ते बघा.

बाजारातलं सगळ्यांत स्वस्त ते आलं. दोन पॅनेल, एक इन्व्हर्टर, एक बॅटरी. बसवणारा घाईत होता. स्क्रू आवळता आवळता म्हणाला, "साहेब, स्वस्तातला माल आहे. जपून वापरा." आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

त्यातला 'जपून' हा शब्द बाबांना फार आवडला. पुढचा त्यांना ऐकूच आला नाही.

पहिल्याच संध्याकाळी वीज गेली. सगळं घर भरलेल्या बॅटरीशेजारी अंधारात बसलं.

"अहो, एक दिवा तरी लावू," आई म्हणाली.

"हा बॅकअप आहे. बॅकअप म्हणजे मागे ठेवायचं. पुढे आणलं की तो बॅकअप राहत नाही."

"मग मेणबत्ती कुठंय?"

"बॅटरीच्या मागे. तो बॅटरीचा बॅकअप."

मग बाबांचं लक्ष पॅनेलांकडे गेलं. खिडकीचे पडदे उन्हाने विटतात, आणि ही महागामोलाची वस्तू दिवसभर उन्हात! घरात कोणाला काही काळजीच नाही! त्यांनी जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं आणि पॅनेलांवर घट्ट बांधलं. पाहुणे आले की ते सुटे. कौतुक झालं की पुन्हा गाठी.

"पण बाबा, पॅनेल उन्हावरच चालतं ना?" ठकीने विचारलं. ठकी म्हणजे घरातलं शेंडेफळ.

"चालतं, म्हणूनच झिजतं. तुझी चप्पल कशाने झिजली? चालूनच ना?"

ठकीने चप्पल उलटी करून तळवा तपासला. शाळेत असं कोणी शिकवलं नव्हतं.

आणि एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, वीज गेली. त्याच वेळी आजोबांना धाप लागली. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली.

"बाबा, बटण दाबा!" ठकी ओरडली.

"थांब. ही आणीबाणी आहे का, ते आधी ठरवू दे. अण्णा, धाप नेमकी किती आहे? मागच्यापेक्षा जास्त की तेवढीच?"

आजोबांना बोलायला श्वास पुरेना. माहिती पुरवण्यात आलेली नाही, अशी बाबांनी मनात नोंद घेतली.

"आज बॅटरी वापरली आणि उद्या याहून मोठी धाप लागली तर?"

"आजची निभावली नाही तर उद्या लागायची कोणाला?" आई कडाडली.

हा मुद्दा विचारात घेण्यासारखा होता. बाबांनी बटण दाबलं. इन्व्हर्टर कुईंकुईं ओरडू लागला, लाल दिवा लुकलुकू लागला, पण यंत्र बंदच. कव्हराखाली आठवडेच्या आठवडे गेले होते. बॅटरी बसल्या बसल्या उपाशी मेली होती.

"बघ," बाबा विजयाने म्हणाले, "वापरली की संपते, असं मी म्हणत नव्हतो?"

ठकी कात्री घेऊन गच्चीवर पळाली. गाठी सुटेनात, तेव्हा तिने दोऱ्या कापल्या, अडलं तिथे रेक्झिन कापलं. ऊन धाडकन पॅनेलांवर कोसळलं. खाली इन्व्हर्टरचं कुईंकुईं थांबलं, लाल दिवा हिरवा झाला आणि यंत्र थेट उन्हावर घरघरू लागलं. आई आजोबांच्या तोंडाशी ते धरून बसली.

बऱ्याच वेळाने आजोबांना शब्द फुटला. "अजून एक श्वास घेऊ का रे? की तो राखीव?"

बाबांना ऐकू आलं नाही. आरामखुर्चीत बसून ते गच्चीवरून आलेलं रेक्झिन निरखत होते. "नवंकोरं होतं गं! पार वाट लावलीस."

ठकीने ते त्यांच्या हातातून घेतलं, झटकलं, त्यांच्याच अंगावर खुर्चीसकट पांघरलं आणि गळ्यापाशी छान गाठ मारली. "बाबा, तुम्ही आमचे एकुलते एक. वापरून खराब व्हायला नको."

कापलेला एक तुकडा उरला होता. तुमच्या टीव्हीच्या रिमोटवरची दुकानातली पिशवी अजून तशीच आहे ना? काचेचे चांगले पेले कपाटातच आहेत ना? मला वाटलंच. ठकीने तो तुकडा काखोटीला मारला, कात्री हातात घेतली आणि तुमच्या घराचा पत्ता विचारत ती निघाली.