हेन्रिएटाला साष्टांग

अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीत स्नोड्रॉपमधलं कळणारा मराठी माणूस एकच आहे, आणि तो मी आहे. हे मी अगदी नम्रपणे सांगतोय. बाकीची मंडळी मेथी, मिरच्या आणि फार तर कढीपत्त्याच्या कुंडीपुढे गेलेली नाहीत.

स्नोड्रॉप म्हणजे ऐन फेब्रुवारीत बर्फातून वर येणारं, मान खाली घालून उभं राहणारं इवलंसं पांढरं फूल. आतल्या पाकळ्यांवर हिरवा ठिपका. माझ्या बायकोच्या, नीलांबरीच्या मते जगातले सगळे स्नोड्रॉप सारखेच दिसतात. पण तिला माझे शर्टही सारखेच दिसतात, तेव्हा ते सोडा. जाणकाराला विचारा! कुणाचा ठिपका उलटा, कुणाला दोन ठिपके, कुणाच्या पाकळ्या घेरदार. शेकडो जाती आहेत, आणि एकेका कांद्यासाठी, म्हणजे फुलाच्या कंदासाठी, माणसं चार राज्यं ओलांडून जातात.

मला हवी होती 'सॅड हेन्रिएटा'. हिचा ठिपका चक्क पिवळा! ती मिळायची फक्त पेनसिल्व्हेनियातल्या मिसेस हॉलोवेंकडे. ऐंशी ओलांडलेल्या या बाई कांदा विकण्याआधी अशी चौकशी करतात, जणू पोटची मुलगी द्यायची आहे. माती कशी आहे, ऊन किती येतं, घरात कुत्रा आहे का. पत्रिका तेवढी मागायची राहिली. शेवटी मी पसंत पडलो. अट एकच होती. पहिलं फूल आलं की त्या स्वतः येऊन बघणार. मुलगी सुखात नांदत असेल तर हेन्रिएटाच्या बाकीच्या बहिणी विकत घ्यायला मी मोकळा. नसेल तर पुन्हा फोन करायचा नाही.

सप्टेंबरात मी अंगणातल्या मेपलखाली कांदा लावला आणि खुणेला काडी खोचली. जानेवारीत पायवाटेवरचा बर्फ ढकलताना ती काडी उपटून आली. मी ती अंदाजाने परत खोचली. हे जरा लक्षात असू द्या.

फेब्रुवारीत काडीशेजारी फूल आलं! पण हेन्रिएटा पडली लाजाळू. तिचा ठिपका बघायचा तर जमिनीवर पालथंच पडावं लागतं. मग रोज सकाळी लॉगइन करण्याआधी मी जाकीट चढवायचो, भिंग घ्यायचो आणि मेपलखाली सपशेल आडवा व्हायचो. ठिपका मला थोडा हिरवा वाटायचा. थोडा नाही, बराच. पण सावलीत पिवळा रंग हिरवट दिसतो असं मी कुठंतरी वाचलं होतं, आणि सोयीचं वाचलेलं मी कधी विसरत नाही.

त्याच आठवड्यात नागपूरहून सासूबाई आल्या. जेट लॅगमुळे त्या सकाळपासूनच स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेऊन उभ्या असायच्या. खिडकीतून त्यांना दिसायचा जावई, बर्फात, एका पांढऱ्या फुलापुढे साष्टांग नमस्कार घालणारा. रोज! इतकी वर्षं देवाला हात न जोडणारा माणूस एवढा का वाकतो, याचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं. ग्रीन कार्ड! आमचा नंबर इतका मागे आहे, की तो येईपर्यंत आपण रिटायर होऊ असं आमची लेक नैना म्हणते, आणि ती आत्ता सातवीत आहे. जावयांनी नक्कीच नवस बोललाय, असं सासूबाईंनी ठरवलं. नवसाचं माणसाला विचारायचं नसतं, म्हणून मला त्यांनी काहीच विचारलं नाही. मराठी मंडळातल्या सुनेत्रामावशींना मात्र सांगितलं. सुनेत्रामावशींना सांगितल्यावर पार्सिपनीत वेगळं कुणाला सांगावं लागत नाही.

लोक येऊ लागले. फुलापुढे चपला काढून उभे राहू लागले, तेही बर्फात. मला वाटलं, अखेर आपल्या माणसांना बागेची गोडी लागली. मी भरून पावलो. मागच्या गल्लीतला अनिल तर माझ्याशेजारी आडवाच झाला.

"यार यतीन, किती दिवस असं करावं लागतं?" त्याने हळूच विचारलं.

"ठिपका दिसेपर्यंत," मी म्हणालो.

"आणि एच-वन बी व्हिसाच्या एक्स्टेन्शनला पण चालतं?"

मला वाटलं, थंडीने त्याचं डोकं बधिर झालंय. मी त्याला घरात नेऊन चहा पाजला.

मिसेस हॉलोवे रविवारी येणार होत्या. त्यांच्यासाठी मी केक आणायला गेलो. परत येतो तर त्यांची गाडी दारात, आणि मेपलखाली नुसता देठ!

"आई, इथलं फूल कुठं गेलं?"

"वाहिलं की," सासूबाई म्हणाल्या. "आज महाशिवरात्र. महादेवाला पांढरं फूल लागतं. तुमच्या नावानं वाहिलं बरं का, यतीनराव. आता ग्रीन कार्डाची काळजी सोडा."

त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, की मला ना रागावता आलं ना रडता.

मिसेस हॉलोवेंना मी कसंबसं सगळं सांगितलं. त्या बूट काढून देवघरापाशी आल्या. आमचं देवघर म्हणजे कोट ठेवायच्या कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा. पिंडीवरचं फूल बघायला त्या गुडघ्यांवर बसल्या, वाकल्या, वाकत गेल्या आणि त्यांचं कपाळ जमिनीला टेकलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी म्हातारी, तीही परक्या धर्माची, आणि काय ही भक्ती! त्यांनी लगेच वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणून पुढे ठेवली.

"ही हेन्रिएटा नाही," मिसेस हॉलोवे उठत म्हणाल्या. "हा अगदी साधा स्नोड्रॉप आहे. तुमच्या आधी राहणाऱ्यांनी लावला असेल."

मला हायसं वाटलं! म्हणजे हेन्रिएटा शाबूत होती. आम्ही अंगणात धावलो. काडीपासून हातभर अंतरावर चिखलात एक लांबरुंद खळगा होता, हुबेहूब माझ्या मापाचा. त्याच्या मधोमध, जिथं माझं पोट टेकायचं तिथं, एक कोंब कळीसकट पापडासारखा चपटा झाला होता. त्यातून दिसत होता एक ठिपका. पिवळा! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा पोटाखाली होता.

मिसेस हॉलोवेंनी खळग्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं.

अनिलचं एक्स्टेन्शन पुढच्याच आठवड्यात आलं. त्यामुळे आमच्या अंगणात आता पाय ठेवायला जागा नसते.

आणि बहिणींचं म्हणाल तर त्या मिळाल्या, पण मला नाहीत. खिचडी खाता खाता मिसेस हॉलोवेंनी नैनाकरवी सासूबाईंना निरोप दिला, की या घरात फुलाचा मान कुणाला कळतो ते त्यांच्या लक्षात आलंय. सासूबाईंना त्यांनी बाग बघायला आणि हवे ते कांदे घ्यायला बोलावलंय. सासूबाईंना ड्रायव्हिंग येत नाही, म्हणून मलाही बोलावणं आहे. फक्त मी गाडीतच बसायचं.